जपानी बाजारातला भोपळा

आई तीन महिन्यांसाठी पुण्याहून सिडनीला आली आणि पहिल्याच दिवशी तिने आमचा फ्रीझर उघडून पाहिला. आत चिकनचं पाकीट होतं. एक कढई, एक तवा आणि दोन चमचे तिने वेगळे काढले आणि आपल्या खोलीत नेऊन ठेवले. जन्मात तिने अंडंसुद्धा खाल्लेलं नाही. त्या दिवसापासून मी ‘यात काही नाही ग’ म्हणाले तरी ती पाकीट माझ्या मुलीच्या हातात द्यायची. “तू वाच बाळा. तू सांगशील ते खरं.”

मुलगी बारा वर्षांची होती. ती बिस्किटांपासून चीजपर्यंत सगळ्यावरची बारीक अक्षरं आजीसाठी मन लावून वाचायची. प्राण्यांच्या हाडांपासून केलेलं जिलेटिन दिसलं की गंभीरपणे मान हलवायची. नातवंडं आजीशी बोलत नाहीत अशी इथल्या घराघरांत रड असते, आणि आमच्याकडे या वाचण्यातून दोघींचं मेतकूट जमलं होतं. मला मात्र ते झोंबायचं. पॅरामॅटाच्या ऑफिसात वीस माणसं माझ्या सहीसाठी थांबतात आणि माझ्याच स्वयंपाकघरात माझा शब्द चालत नाही, याचा मला राग यायचा.

बाहेर जाणं तर शिक्षा होती. बीच असो की पार्क, आईचा डबा बरोबर. आम्ही खायला बसलो की ती बाजूच्या बाकावर गार पोळी चावत बसायची. तक्रार करायची नाही, हेच जास्त डोक्यात जायचं.

आमच्या भागातल्या कम्युनिटी हॉलमागे महिन्यातून एकदा, रविवारी सकाळी जपानी लोकांचा बाजार भरतो. मुलगी शाळेत जपानी शिकते, म्हणून जुलैत, इथल्या कडाक्याच्या हिवाळ्यात, मी तिला, सात वर्षांच्या धाकट्याला आणि आईला घेऊन तिथे गेले. आई खूश झाली. पाल्यासकट मुळे बघून तिने दोन जुड्या घेतल्या. चिनी मातीच्या वाट्या उलट्यासुलट्या करून पाहिल्या. “किती निगुतीने मांडलंय ग सगळं,” ती म्हणाली. मग एका म्हाताऱ्या जपानी बाईंच्या टेबलावर तिला भोपळ्याची भाजी दिसली. हिरव्या सालीसकट मऊ शिजवलेल्या फोडी, वर वाफ. आईचे हात गारठले होते. तिने मुलीला जवळ घेतलं आणि म्हणाली, “विचारून ये ग. यात काही नसेल तर मी खाईन.” आणि ती लांबच्या बाकावर जाऊन बसली.

दोन महिन्यांत बाहेरचं काही खाईन असं ती पहिल्यांदाच म्हणाली होती.

मुलीने विचारलं. जपानी आजी हरखल्या. सावकाश, एकेक शब्द सुटा करत त्यांनी उत्तर दिलं आणि टेबलाखालून वाळवलेल्या माशाच्या पातळ कापांचं पाकीट काढून अभिमानाने दाखवलं. मुलगी वाकून थँक्यू म्हणाली आणि माझ्याकडे आली. धाकटा माझ्या शेजारी भाताचा गोळा खात उभा होता.

“मम्मा, ते पाणी फिशचं आहे. पीसेस नाहीत, बट द वॉटर इज फिश.”

“तुकडे नाहीत ना? मग सांग तिला, चालेल म्हणून.”

“पण आजीने मला विचारलंय.”

“सांग म्हटलं ना.”

मला एकदा, फक्त एकदा, सगळ्यांनी एका बाकावर बसून गरम खायला हवं होतं. बाकी काही कारण नव्हतं. मुलीने माझ्याकडे पाहिलं, मग वाटी घेऊन गेली आणि म्हणाली, “चालेल आजी.” आईने वाटी पुसून खाल्ली आणि नातीच्या डोक्यावरून हात फिरवला.

पुढचे आठ दिवस आई त्या भाजीबद्दलच बोलत होती. पुण्याला मावशीला फोन करून सांगितलं, माझी नात परक्या भाषेत विचारून आली, म्हणून मी खाल्ली. शेवटी एका संध्याकाळी जेवताना ती मुलीला म्हणाली, “पुढच्या वेळी कृती विचार हं. मी घरी करेन.”

मुलीने चमचा खाली ठेवला. “आजी, त्यात फिश होता,” ती म्हणाली. “मला नीट विचारता आलं नाही. माझं जॅपनीज चांगलं नाहीये.”

धाकट्याने मान वर केली. “बट मम्मा सेड...” मी त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं. त्याने पुन्हा ताटात मान घातली.

आई उठली. तिने चूळ भरली, मग पुन्हा भरली, मग आंघोळीला गेली. शॉवरचा आवाज बराच वेळ येत राहिला आणि आम्ही तिघं ताटासमोर बसून राहिलो. तेवढ्या वेळात मला आत जाऊन दारावर थाप मारून सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. खरं सांगायचं तर, आपण सुटलो म्हणून मला बरं वाटलं.

आई तीन दिवस दूध आणि केळ्यांवर राहिली. मुलीला ती रागावली नाही. पण त्यानंतर तिने पाकिटं वाचायला देणं बंद केलं. एकदा मुलगी आपणहून बिस्किटांचा पुडा घेऊन तिच्याजवळ बसली आणि मोठ्याने वाचायला लागली. आईने तो हळूच तिच्या हातातून काढून घेतला. “राहू दे बाळा,” ती म्हणाली. “मला नकोच आहेत.”

निघायच्या दिवशी एअरपोर्टवर आईने मला बाजूला घेतलं. मुलगी दोन पावलांवर ट्रॉली धरून उभी होती.

“त्या भाजीवरून तिला कधी बोलू नकोस हो,” आई म्हणाली. “लहान आहे. चुकून झालं तिच्याकडून.”

मी म्हणाले, “नाही बोलणार.”