सुलूचं पान

चार बायका परातीभोवती बसल्या की चपात्यांपेक्षा किस्सेच जास्त निघतात. डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत तळमजल्यावर मावशींची खाणावळ होती, मी तिथे कामाला. संपात गिरण्या बंद पडल्या, जेवणारे निम्मे गावाला गेले, किस्से मात्र राहिले. त्यातले बरेचसे सुलूचे. ऐकताना हसू यायचं, आणि मग हसल्याचीच लाज वाटायची.

*

सुलू तिसऱ्या मजल्यावरची. बापाची गिरणी बंद झाल्यावर ओळखीच्या एका बाईनं "सुरतेला पॅकिंगचं काम आहे" म्हणून तिला नेलं, आणि विकलं. घरी खरं कळलं तेव्हा आईनं चाळीत सांगून टाकलं, पोरगी तापानं गेली. धाकटीचं लग्न व्हायचं होतं ना! आम्ही सगळ्या समाचाराला जाऊन आलो.

काही वर्षांनी पोलिसांनी सुलूला सोडवून दारात आणून उभं केलं. आई म्हणाली, "आमची सुलू मेली," आणि दार लावून घेतलं. मावशी तिला हाताला धरून खाली खाणावळीत घेऊन आल्या.

*

पहिल्याच दिवशी लाटता लाटता सुलूनं मला विचारलं, "मी मेलंय तेवा तू रडलंस काय गो?"

"रडले."

"आणि आये?"

"खूप."

"मग बरां," म्हणाली आणि पुढची चपाती घेतली. 

*

नळावर जायचं असलं तरी ती विचारायची, "मावशी, जाऊ?" मावशी एकदा वैतागल्या. "पाय तुजे, दार उघडांच आसा. माका कित्याक विचारतंस?"

दुसऱ्या दिवशी सुलू दारात जाऊन थबकली. "मावशी, आता विचारूक नको ना?"

*

खाणावळीच्या एका जुन्या मेंबरनं ताट पुढे सरकवलं. "हिच्या हातचं आम्ही खायचं?"

मावशींनी ताट उचललं. "नको खाव. आज तुजी एकादशी."

तो उपाशी गेला आणि संध्याकाळी मुकाट्यानं जेवायला आला.

*

सुलू जिन्यात भेटली तरी तिची आई मात्र मान वळवून वर जायची.  मला त्या बाईचा राग यायचा, आजही येतो.

सर्वपित्रीला चाळीतल्या सगळ्या बायका कावळ्यासाठी पानं घेऊन गच्चीवर जमल्या. मावशींचं पान घेऊन मी आणि सुलूही गेलो. तिच्या आईनं दोन पानं मांडली होती, एक सासूसासऱ्यांचं, एक सुलूचं. वडे, काळ्या वाटाण्याची उसळ, खीर.

सासूसासऱ्यांच्या पानाला कावळा लगेच शिवला. सुलूच्या पानाकडे फिरकेना. ऊन चढलं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी आईनं रीतीप्रमाणे हात जोडले. "बाये, तुजी काय इच्छा रवली आसात ती पुरी करतंय. शिव गो."

सुलू माझ्या शेजारून उठली, त्या पानासमोर मांडी घालून बसली आणि जेवायला लागली.

"आये," ती म्हणाली, "वड्यांक मीठ कमी पडलां."

 आई जिना उतरून खाली गेली, आणि मीठ घेऊन आली.