तळहातावर ठेवलेली चावी

'सुपरवायझरने तपासून ड्रायव्हरला चावी दिली.' हे खोटं वाक्य मी लिहिलं. त्या वाक्याने चावीचाचांची ओमानमधली बावीस वर्षांची नोकरी गेली.

चाचा रत्नागिरीकडचे, चौथी शिकलेले. बरका शहरातल्या आमच्या गोदामाचे ते सुपरवायझर; तिथून दूरच्या सलालाह शहराला जाणारे ट्रक त्यांच्या देखरेखीखाली असत. सगळ्या चाव्या त्यांच्या खिशात. सकाळी ड्रायव्हर समोर आला की त्याचं मनगट धरून ते डोळ्यांत बघत, घरची खबर विचारत आणि मगच चावी तळहातावर ठेवत. एखाद्याला परत पाठवत, "आज तू नको. जा, झोप जा." कुणी कुरकुरलं तर त्याला सुलेमानी चहा पाजत आणि आपल्या हनुवटीवरचा जुन्या अपघाताचा व्रण दाखवत. "मी पण असाच बोललेलो, मना झोप येत नाय."

नव्वदच्या दशकात मी पुण्याहून मॅनेजमेंटची पदवी घेऊन थेट त्यांचा साहेब झालो. या चौकशीत रोज पाऊण तास जातो, एवढंच मला दिसलं. मी भिंतीवर फळा लावला. प्रत्येकाच्या नावापुढे खिळा, खिळ्याला चावी, ज्याची त्याने घ्यायची.

चाचा फळ्याकडे बघत राहिले. "सायेब, खिल्याला डोले नसतात."

"चाचा, चौथी शिकलेल्या माणसाने मला शिकवू नये," मी सगळ्या ड्रायव्हरांदेखत म्हणालो. एकदोघे हसले. ते हसू मला तेव्हा आवडलं होतं.

महिन्याभरात गणी नावाच्या ड्रायव्हरला वडील अत्यवस्थ असल्याचा निरोप आला. दोन रात्री त्याच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. त्याने खिळ्यावरची चावी घेतली आणि वाळवंटातल्या रस्त्यावर ट्रक उलटला. जीव वाचला, पाय कायमचा अधू झाला.

मी त्याच दुपारी फळा उतरवला आणि इंग्रजीत अहवाल लिहिला. चाचांनी सही करताना विचारलं, "काय लिवलंय, सायेब?"

"नेहमीचंच," मी म्हणालो.

आमचे अर्बाब, म्हणजे मालक, अहवाल वाचून एवढंच म्हणाले, "खलास." निघताना चाचांनी आपल्या कपाटाची चावी माझ्या तळहातावर ठेवली आणि सवयीने डोळ्यांत पाहिलं. मी मान फिरवली.

पुढे मी दुसऱ्या कंपनीत गेलो. तिथे रोज सकाळी ड्रायव्हरांना चाव्या मीच हातात देऊ लागलो. लोक कौतुक करत, विचारत, "ही पद्धत कुठल्या कॉलेजात शिकलात?" मी हसून विषय बदलत असे. चाचांचं नाव घ्यायचं धैर्य झालं नाही.

बारा वर्षांनी त्यांचं गाव शोधत गेलो. पडवीत बसलेल्या चाचांनी मला लगेच ओळखलं. मनगट धरून जवळ ओढलं, डोळ्यांत बघितलं.

"सायेब, झोप झालेली दिसत नाय."

या वेळी मी नजर वळवली नाही. "नाही झाली, चाचा. गणीला चावी तुम्ही दिली नव्हती. फळा माझा होता. तुम्ही दिलीत असं मी लिहिलं आणि तुमच्याकडून फसवून सही घेतली. मला माफ करा."