मंदाताईंची एक रेघ

फोन आला तेव्हा प्रयोगशाळेत एन्झाइम गाळून वेगळं करायचा माझा कॉलम चालू होता. "मंदा सकाळी गेली," मंदाताईंचे भाऊ म्हणाले. उभ्या काचेच्या नळीतून थेंब पडतच होते... आतली भुकटी कोरडी पडली की सगळी मेहनत पाण्यात. मी आधी खालची तोटी बंद केली, मग स्टुलावर बसून पोटभर रडले. ही शिस्त ताईंचीच.

रेवदंड्याजवळच्या आमच्या कॉलेजात त्या जीवरसायनशास्त्र शिकवायच्या. मी आधी विद्यार्थिनी, मग सहकारी. निवृत्त होण्याआधी यीस्टमधलं अल्कोहोल मोडणारं एन्झाइम इथेच शुद्ध करायचं, हा त्यांचा हट्ट. शुद्ध म्हणजे तपासणीच्या जेलवर, जिथे प्रत्येक प्रथिनाची वेगळी रेघ उमटते, एकच रेघ. "शीतखोली नाही, नाद सोडा," असं मुंबईच्या मंडळींनी सांगितलेलं. ताईंनी बेकरीतून यीस्ट आणलं आणि बंदरावरून बर्फ.

बर्फ द्यायची हौसामावशी. "दारू उतरवाचं अवशिद हाय काय गो?" तिने विचारलं. "तसंच समज," ताई म्हणाल्या. मग काय, मावशीने मासळीसाठी करतात तसं आपलेपणाने बर्फात मीठ कालवून दिलं. आम्हाला पत्ताच नाही! एन्झाइम साकळवायला घातलेला क्षार, म्हणजे एक प्रकारचं मीठच, नंतर काढावा लागतो, म्हणून ते पातळ पडद्याच्या पिशवीत भरून पाण्यात सोडलं आणि ते भांडं त्या बर्फात ठेवलं. मीठ घातलेला बर्फ भलता गार. दुपारी पाहतो तर पाणी गोठलेलं, पिशवी फुटलेली. मला रडू कोसळलं, ताई मात्र बर्फाचा कण चाखून हसत सुटल्या. "अगं, मीठ काढायला बसलो आणि मिठानेच मारलं!" मावशीला त्यांनी चुकूनही बोल लावला नाही. नुसतं म्हणाल्या, "उद्या बिनमिठाचा दे."

"बिनमिठाच्या बरफात काय टिकल व्हय?" मावशी कुरकुरली, पण दिला.

निवृत्ती अगदी तोंडावर आलेली असताना जेलवर निळी रेघ उमटली. एकच. ताईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि शेजारच्या वर्गातल्या मुलींना हाका मारल्या. शुद्ध एन्झाइम जेमतेम चमचाभर. मी म्हटलं, आठवण म्हणून फ्रीजरमध्ये जपू. "लोणचं आहे का ते? मुलींना प्रॅक्टिकलला दे." बघता बघता ते संपलंही. मी हळहळले. ताईंनी रिकामी कुपी धुतली, सिंकशेजारच्या खुंटीवर पालथी घातली आणि म्हणाल्या, "आता येतं ना आपल्याला? परत करू."

त्या खुंट्यांवर काचसामान पालथं घातल्याशिवाय मला अजून घरी जाववत नाही. परवा शेवटची कुपी ठेवताना रिकाम्या खोलीत माझ्या तोंडून निघून गेलं, "करू, ताई."