मेणावरचा हिरा

नांदेडच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी मायला काचबिंदू असल्याचं सांगितलं, तेव्हा मी रडले नाही, भांडले. इतके दिवस बोलली का नाहीस, म्हणून दवाखान्याच्या पायऱ्यांवरच तिच्यावर तोंड सोडलं. डॉक्टरांचं म्हणणं सरळ होतं. बाजूची नजर गेली ती गेली, ती काही परत यायची नाही. समोरची उरली आहे ती टिकवायची तर सकाळ-संध्याकाळ डोळ्यांत थेंब टाकायचे, एकही वेळ चुकवायची नाही. किती दिवस टिकेल ते त्यांनाही सांगता येत नव्हतं. माय पदराने गाल पुसत माझं भांडण ऐकत उभी होती. माझं झाल्यावर म्हणाली, "झालं का? मंग चल सराफ्यात."

"सराफ्यात कशाला?"

"तुझ्या गळ्यात हिरा घालायचाय. बारका. पर लखलख करनारा पाहिजे."

मला वाटलं, धक्क्याने बाईचं डोकं फिरलं. मुलीच्या लग्नाचा विषय काढला की चूप बसणारी आणि स्वतःच्या कानात काड्या घालून हिंडलेली बाई ही. पण रस्त्याने चालता चालता तिने कारण सांगितलं.

लहानपणी ती गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याच्या घरी आईबरोबर धान्य निवडायला जायची. यांची जागा अंगणात. घरची मालकीण आत, अंधाऱ्या खोलीत बसायची. तिच्या नाकात हिऱ्याची चमकी होती. "तोंड दिसायचं न्हाई बाईचं," माय म्हणाली, "पर मान हलली की खडा चमकायचा. मंग कळायचं, बाई उठली, बाहेर येऊन राहिली. आमी हात झटकून उभं ऱ्हायचो. आता उद्या मला तुझं तोंड दिसलं न्हाई, तरी तू आलीस हे दिसलं पाहिजे. बस. बाकी मला काई नको."

मी नोकरीला लागल्यापासून थोडं बाजूला टाकत आले होते. त्याचं दुसरं काय करायचं हे अजून ठरलं नव्हतं, ते तिथे ठरलं.

पहिल्या दुकानात माझं डोकं फिरलं. विकणारा एकच मोठा चपटा खडा पुन्हा पुन्हा पुढे सरकवायचा आणि म्हणायचा, "ताई, बघा ना, केवढा दिसतो!" दिसायचा खराच. पण वरून पाहिला की मध्ये विझलेला, काचेच्या बटणासारखा, खालचा कागद आरपार दिसणारा. दुसऱ्या दुकानातले सराफ वयस्कर होते. त्यांनी सांगितलं की चपटा कापला तर उजेड खालून निघून जातो, फार खोल कापला तर आतच काळा पडतो. नीट कापलेला खडा वरून आलेला उजेड वरच परत फेकतो. एवढं सांगूनही त्यांनी मोठाच खडा घ्यावा म्हणून आग्रह केला, कारण धंदा तो धंदा. शेवटी त्यांनी पांढऱ्या कागदावर दोन खडे ठेवले. एक जोंधळ्याच्या दाण्याएवढा, बऱ्यापैकी कापलेला. दुसरा राळ्याच्या दाण्याहून थोडा मोठा, पण त्याचे पैलू असे की कागद जरा हलला की तो नुसता पेटायचा.

माय दोन्हींवर वाकली, नाक टेकेपर्यंत वाकली. मग सरळ होऊन म्हणाली, "इथं समदंच चमकून राहिलंय. इथं कसं कळंल?"

दुकानात एवढे दिवे होते की तिचं बरोबरच होतं. सराफ म्हणाले, "मग अनामत ठेवून घरी न्या. हिरा घरी ठेवूनच बघायचा असतो. पुढच्या बाजारापर्यंत उशाखाली ठेवा. वाईट स्वप्न पडलं, कुणी आजारी पडलं, तर परत आणा. हिरा सगळ्यांनाच लाभतो असं नाही."

ही आपल्याकडची जुनी रीत. मायने नुसतं हसून घेतलं. धम्म घेतल्यापासून आमच्या घरातून नवस, अंगारे आणि ग्रहतारे गेले ते गेलेच. पण खडा घरी न्यायला मिळतोय म्हटल्यावर ती वाद घालणार नव्हती. पुड्या बांधता बांधता सराफांनी आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्यांचा हात कागदावर थांबला. माझ्या तोंडावर जे येणार होतं ते मायने कोपराने ढोसून मागे ढकललं आणि स्वतःच म्हणाली, "लातूरला हाय लेक. नव्या कलेक्टर कचेरीत." लातूर जिल्हा होऊन फार दिवस झाले नव्हते. त्या नावाला तेव्हा नव्या नोटेसारखा कडकपणा होता. हात पुन्हा चालू झाला. मी अहमदपूर येईपर्यंत बसमध्ये धुमसत होते आणि ब्लाउजमधल्या पुड्या चाचपत होते.

लातूरला आमची भाड्याची दोन खोल्यांची जागा होती. पुढे ओसरी आणि उघडं अंगण. कचेरीत उस्मानाबादहून पोत्यांत भरून आलेल्या फायली अजून जमिनीवरच पडलेल्या, बसायला खुर्च्या अपुऱ्या, आणि त्यात त्या वर्षी पावसाने पार दडी मारलेली. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. दिवसभर टँकरच्या मागणीचे अर्ज नोंदवायचे आणि घरी येऊन स्वतःच्या घागरीसाठी भांडायचं. नळ कधी येईल याचा नेम नव्हता. भांडी राखेने घासून कपड्याने पुसायची, तोंड परातीत धुवायचं आणि ते पाणी फरशीला वापरायचं.

दुसऱ्या दिवसापासून मायची परीक्षा सुरू झाली. खडा सुटा, गळ्यात घालणार कसा? तोड तिनेच काढली. कुंकवाखाली लावायच्या मेणाची डबी तिच्याकडे होती. मेणाची गोळी माझ्या गळ्याच्या खळगीत दाबायची, तिच्यावर खडा बसवायचा. मग ती ओसरीच्या सावलीत, भिंतीला टेकून, आणि मी अंगणात. सकाळी एक खडा, कचेरीतून आल्यावर दुसरा.

"हल की," ती ओरडायची. "खांबावानी उभी काय ऱ्हातीस?"

हलणं मला सांगावं लागायचं नाही. माझा पाय कधीच एका जागी ठरत नाही. मी अंगणात येरझाऱ्या घालायची, शेजारणी कुंपणावरून बघायच्या, आणि माझी चिडचिड वाढायची. पण पहिल्याच सकाळी बारक्या खड्याने बाजी मारली. मी फाटकाच्या तुळईखालून उन्हात आले आणि ती एकदम म्हणाली, "आली! आली बघ, चमकली!" मोठा खडा तिला दिसायचा, पण मी अगदी पायरीशी आल्यावर. बारका दिसायचा फाटकापासून. माझा ऊर भरून आला. कचेरीत त्या दिवशी मी कुणाशीच भांडले नाही.

मग काय झालं ते कळेना. दोन दिवसांनी ती "आली" म्हणायला उशीर करायला लागली. मी अंगणाच्या मध्यावर आले तरी गप्प. नंतर तर मी पायरीवर चढले की माझ्या चपलांच्या आवाजावर म्हणायची, "हाव, दिसला." दिसला नव्हता हे मला कळत होतं. मी फाटकाशी थांबून विचारलं, "आत्ता दिसतोय?" ती म्हणाली, "दिसतोय की." तिची नजर मी नव्हते तिथे होती.

त्या संध्याकाळी मी औषधाची बाटली घेऊन आले, तर तिने माझा हात बाजूला केला. "ऱ्हाऊ दे. आता कशाला?"

"आता कशाला म्हणजे?"

"संपलं ते. कोनता बी खडा घे, न्हाईतर दोन्ही देऊन टाक परत."

मी आदळआपट केली. डॉक्टरांना नावं ठेवली, सराफाला ठेवली, तिला ठेवली. हट्टी म्हटलं, अडाणी म्हटलं. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. चार दिवसांत नजर एवढी कशी जाईल, हे माझ्या डोक्यात बसेना. आणि गेलीच असेल, तर आपण मेणाचे खेळ खेळत बसलो आणि तेवढ्यात हातातून सगळं निसटलं, या विचाराने मला घरात बसवेना. रात्रभर मी उठत होते, बसत होते. सकाळी तिने थेंब घेतले नाहीत. संध्याकाळी घेतले नाहीत. त्यानंतरच्या सकाळीही नाहीत.

तरी मी त्या सकाळी बारका खडा लावला. ती लावून देईना, म्हणून माझा मीच लावला, आरशात बघून. तिच्या डबीतलं मेण, तिची तेलाची बाटली तिथेच, आणि माझी बोटं नुकतीच वेणी घातल्याने तेलकट. अंगणात पाऊल टाकणार तेवढ्यात कुंपणापलीकडून ओरड झाली, "नळ आला!"

नळ आला की माणसाला बाकी काही सुचत नाही. मी घागरी भरल्या, बादली भरली, पातेलीसुद्धा भरली. धार बारीक झाली तेव्हा घामाने निथळत होते. बऱ्याच दिवसांनी हाताशी पाणी होतं. परात घेतली, साबण घेतला आणि तोंड, मान, गळा खसाखसा चोळून धुतला. धुऊन झाल्यावर गळ्याला हात लावला, तर खळगी रिकामी.

खडा परातीत होता, नाहीतर अंगणात. साबणाच्या पाण्यात काही दिसेना. हात घालून चाचपलं, काही लागेना. टँकरचं पाणी गाळायचं जुन्या धोतराचं फडकं दोरीवर होतं. ते एका रिकाम्या घमेल्यावर ताणलं आणि परात हळूहळू वर ओतली. फेस गेला. कपड्यावर मेणाचा एक पिवळा गोळा राहिला आणि त्याच्या बाजूला, त्यापासून सुटलेला, खडा. असा चमकत होता की मी दचकले. दुकानात पाहिला होता अगदी तसा.

मी तो उचलला. कपड्याच्या कोरड्या टोकाने पुसला. मग डब्यातली पुडी उघडून मोठा खडा पाहिला. त्याच्या पोटाला मेण आणि तेलाचा चिकट थर बसला होता, वरून आलेला उजेड तिथेच मरत होता. रोज आम्ही त्यांना तेल पाजत होतो आणि पाण्याच्या टंचाईत एकदाही धुतलं नव्हतं. नजर तशीच होती. खडे मळले होते.

मला हसावं की ओरडावं कळेना. मी आत जाऊन मायला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर तिने मला बरं वाटावं म्हणून पुन्हा "दिसतोय की" म्हटलं असतं. खडा नुसता चिमटीत धरला, गळ्याशी नेला आणि चपला काढून फाटकाशी जाऊन उभी राहिले. माय ओसरीवर येऊन बसली होती, मांडीवर हात ठेवून, कशाकडेच न बघता. मी पाय न वाजवता एक पाऊल टाकलं. मान जरा वळवली.

तिचं तोंड माझ्याकडे फिरलं. थेट माझ्याकडे.

"तिथं काय करून राहिलीस?" ती म्हणाली. "नळ आला ना? भरलंस का पानी?" आणि मग, एकदम लहान आवाजात, "आगं, दिसली की तू मला."

मी धावत जाऊन तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि रडले, दवाखान्यात रडले नव्हते तेवढं सगळं. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला, मग ढकललं. "ऊठ. औशिद आन."

बारका खडा घेतला, मोठा परत केला. सराफांनी विचारलं, "लाभला का?" मी म्हटलं, "लाभला." पेंडंटला मागून उघडी घडण करून घेतली, म्हणजे धुता येईल. त्यानंतर कितीतरी वर्षं मी रोज संध्याकाळी कचेरीतून यायची, डोक्यात कुणाचा तरी राग घेऊन, तोंड शिवल्यासारखी, आणि काही बोलायच्या आधीच ओसरीवरून आवाज यायचा, "आलीस?" मला बोलावं लागायचं नाही. त्या खड्याने माझी चांगलीच सोय केली होती.

मग एका संध्याकाळी मी फाटकातून आत आले, ऊन अजून अंगणात होतं, खडा सकाळीच धुतलेला. माय ओसरीवर होती. मी अर्ध्यावर आले, पायरीशी आले. ती गप्पच. मी तिच्यासमोर उभी राहिले. मान हलवली, पुन्हा हलवली.

"कोन हाय?" तिने विचारलं.

"मी हाय, माय."

तिने हात पुढे करून माझं मनगट धरलं आणि जवळ ओढून बसवलं. "मंग बोलत ये ना गं पोरी," ती म्हणाली. "बोलत ये."