मंजिऱ्या न खुडणारी मावशी

भेस्तानच्या आमच्या चाळीत तुळशीची एकही मंजिरी खुडू न देणारी बाई एकच, कांडीवाली मावशी. लूमसाठी घरी बसून सुताच्या कांड्या भरायची, म्हणून हे नाव. बाकीच्या बायका झाड डेरेदार राहावं म्हणून मंजिऱ्या खुडायच्या. मावशीच्या पत्र्याच्या डब्यांतल्या तुळशी मात्र नुसत्या झिपऱ्या. कुणी हात घातला की खेकसायची, "राहू दे वं माय! माशास्नं जेवन शे ते." तिच्या दारात मधमाश्यांची इतकी गुणगुण असे, की मी पदर सावरून पळायचे आणि ती हसायची.

खत नाही, सावली नाही. "लाड करशी त मरी जाई," म्हणायची. आणि तिच्या तुळशी वर्षानुवर्षं टिकायच्या.

चाळीच्या मागच्या बाजूला कापड रंगवायची मिल सुरू झाली, त्या उन्हाळ्यात माश्या आल्याच नाहीत. मावशी कांडी भरता भरता थांबून कान द्यायची. मग चाळीतल्या सगळ्याच तुळशी कडेने काळ्या पडू लागल्या. तुळस वाळली की घरावर काहीतरी येणार, ही आम्हा सगळ्यांची धास्ती. बायका वाळलेलं रोप गुपचूप खाडीत सोडायच्या, नवं आणून लावायच्या आणि त्यालाही चाळीच्या बोअरचंच पाणी घालायच्या.

मावशीने दोन डबे वेगळे काढले. एकाला बोअरचं पाणी, दुसऱ्याला रेल्वेपलीकडच्या नळाचं. पंधरवड्याने मला हाताला धरून नेलं. नळाचं रोप हिरवंगार, दुसरं काळं.

"झाडना दोष नही, पानीमा काहीतरी शे. तुन्हा पोरले हाई पानी देऊ नको."

माझा मुलगा तेव्हा वर्षाचाही नव्हता. मी घाबरले. बाकीच्यांनी "म्हातारी चळली" म्हणून तिला उडवून लावलं.

दुसऱ्या दिवसापासून ती रोज नळाची एक कळशी माझ्या माठात ओतू लागली. गुडघे गेलेले, तरी ऐकेना. "मावशी, तुम्हाला?" विचारलं की म्हणायची, "मन्हं भरी ठेयेल शे." तिने स्वतःचं भरून ठेवलंय, यावर मी विश्वास ठेवला. मला ते सोयीचंच होतं, खोटं कशाला बोलू?

पावसाळ्याआधी ती पोटाच्या दुखण्याने पडली, ती उठलीच नाही. शेवटच्या घटकेला तोंडात पाणी घालायला मी तिच्या माठात तांब्या बुडवला, तर एव्हाना बोअरला येऊ लागलेला रंगाचा उग्र वास आला. बोअरचं पाणी. रोज एकच कळशी तिला झेपायची, आणि ती माझ्या घरी येत होती.

मी तो तांब्या मोरीत ओतला आणि धावत जाऊन माझ्या मुलाच्या माठातलं पाणी आणलं. तिने दोनच घोट घेतले.