गाडीत जागा होती

आमचं गाव शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी. होळी झाली की डोंगरात कुठे ना कुठे धूर दिसतो, दोन दिवस राहतो आणि विझतो. त्यामुळे त्या एप्रिलात धूर दिसला तेव्हा आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ओट्यावरून एकदा वर बघितलं आणि पुन्हा पेपर उघडला. मी धुळ्याला देवपुरात राहतो. मुलीची परीक्षा संपली म्हणून आम्ही तिघं चार दिवसांसाठी गावी गेलो होतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी वारा फिरला. अंगणात वाळत घातलेल्या पापडांवर राख पडायला लागली. सागाची अर्धवट जळालेली पानं उडत उडत थेट गल्लीत येऊ लागली. ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून सांगितलं, की आग शेवटच्या टेकडीवर आली आहे, बायका-मुलांनी गुरं घेऊन मोठ्या रस्त्यावरच्या शाळेकडे निघावं.

आबांना दमा आहे. धुराने त्यांची छाती भरून आली होती. मी गाडी दाराशी लावली. आईने देव काढले, बायकोने कपाटातली कागदपत्रं घेतली, मुलीने दप्तर भरलं. आमच्या दोन म्हशी शेजाऱ्यांनी आपल्या गुरांबरोबर हाकून नेल्या. मी मात्र भिंतीवरचा टीव्ही काढत बसलो. गेल्या दिवाळीत आबांसाठी मीच आणला होता. डिकीत तो मावेना. शेवटी रजईत गुंडाळून मागच्या सीटवर उभा टेकवला. आई आणि बायको अंग चोरून बसल्या, मुलगी बायकोच्या मांडीवर.

एवढ्यात समोरच्या अक्का आल्या. एकट्या राहायच्या, मुलगी लग्न होऊन चोपड्याकडे गेलेली. माझ्या लहानपणी आई शेतात गेली की मी त्यांच्याच घरी जेवायचो. अक्कांच्या हातात एक गाठोडं होतं. गुडघ्यांमुळे चालवत नव्हतं म्हणून शाळेपर्यंत पायी जायला त्या कचरत होत्या. काचेशी वाकून म्हणाल्या, "भाऊ, जागा शे का?"

मी मागे वळून पाहिलं. रजईतला टीव्ही उतरवला असता तर त्या सहज बसल्या असत्या. बायकोने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "अक्का, ह्यांना शिरपूरला सोडतो आणि अर्ध्या तासात येतो. तुम्ही इथेच बसा. निघू नका."

"ये मंग," त्या म्हणाल्या आणि आमच्याच ओट्यावर टेकल्या.

शिरपूरला बायकोच्या मावसबहिणीच्या घरी पोचलो. आबांना पलंगावर टेकवलं, वाफ दिली. टीव्ही आत नेताना कोपरा दाराला लागू नये म्हणून बायकोने आणि मी केवढी काळजी घेतली! मग चहा आला. नको म्हणता आलं असतं. मी बसून प्यालो.

परत निघालो तेव्हा ऊन उतरलं होतं. गावाच्या फाट्यावर दोन वनरक्षक उभे होते, रस्त्यावर बांबू आडवा टाकलेला. "पुढे लई धूर आहे साहेब, गाडी सोडता येणार नाही."

"एक म्हातारी बाई राहिलीय मागे."

"बठ्ठे निघाले गावातले. तीबी निघाली असेल."

मी मान डोलावली. माझ्या पुढे मोटारसायकलवर एक जण होता. त्याने हुज्जत घातली, मग तोंडाला रुमाल बांधला आणि गाडी बांधावरून शेतात घातली. मला तो कपाशीच्या रिकाम्या वावरातून गावाच्या दिशेने जाताना दिसत होता. ती वाट मलाही पायाखालची होती. मी गाडी वळवली. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला हायसं वाटलं. कुणीतरी अडवलं होतं, आता माझ्याकडे दोष येणार नव्हता.

सकाळी रस्ता उघडला. वरच्या पाड्यांवरच्या माणसांनी ओल्या फांद्यांनी झोडून झोडून आग नाल्याजवळ थोपवली होती. आमच्या घराला झळही लागली नव्हती. अक्कांच्या घराची पडवी तेवढी जळाली होती.

त्या दारात बसल्या होत्या, दोन्ही हातांना कोपरापर्यंत हळद आणि तेल. नाल्याकडून उडालेली ठिणगी पडवीच्या गवतावर पडली. पडवीत त्यांच्या तीन शेळ्या बांधलेल्या होत्या. आमच्या ओट्यावरून उठून धावेपर्यंत छप्पर पेटलं होतं. एकीचं दावं सुटलं. दोघींचं सुटलं नाही.

मागून कळलं, की मी गेल्यावर गल्लीतल्या शेवटच्या बायका शेळ्यांसकट त्यांना न्यायला आल्या होत्या. एक जण बैलगाडीत बसवायलाही तयार होता. अक्कांनी सगळ्यांना परत पाठवलं.

मी समोर उभा राहिलो. म्हणालो, "अक्का, रस्ता बंद केला होता."

"हां," त्या म्हणाल्या. मग, अजिबात न रागावता, "तू सांगेल व्हतं, निघू नका, म्हनीसन मी बशी ऱ्हायनू."

मी त्यांना शिरपूरच्या दवाखान्यात नेलं. या वेळी मागची सीट मोकळी होती, आणि त्या कडेला टेकून बसल्या होत्या, जणू कुणासाठी तरी जागा ठेवावी तशा. जखमा भरल्या. पुढच्या महिन्यात मी बाजारातून दोन शेळ्या आणून दिल्या. त्यांनी घेतल्या, आईजवळ माझं कौतुकही केलं. मला ते कौतुक ऐकवेना. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आबा येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या दिवसाची हकीकत सांगतात. "पोरगं परत गेलं होतं, पण फॉरेस्टवाल्यांनी सोडलं नाही," असं अभिमानाने सांगतात. अक्का तिथे असल्या तर त्याही मान डोलावतात. मोटारसायकलवाल्याचं मी अजून कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. गेल्या वेळी गावाहून निघताना अक्कांना म्हटलं, शिरपूरपर्यंत चला गाडीने, तुम्हाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंच आहे.

त्या हसल्या. "तुम्ही व्हा पुढे, भाऊ. मी यस्टीनं येस."

मी आग्रह केला नाही. गाडी सुरू केली.