आईच्या उंचीचं भांडं

दुकानदाराने विचारलं, "कमोड कोणासाठी बघताय, ताई?" मी सासऱ्यांकडे न बघता सांगितलं, "घरात वडीलधारी माणसं आहेत." मी मुद्दामच एवढं मोघम बोलले. सासरे वॉकर धरून शेजारीच उभे होते.

कामोठ्यातलं आमचं घर वन बीएचके, आणि संडास एकच, खाली बसायचा. तीन वर्षांपूर्वी माझी आई गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर साताऱ्याकडच्या गावाहून आमच्याकडे राहायला आली. तिला खाली बसायची मनाई होती. कमोड बसवून घेऊ, असं मी म्हटलं, तर सासरे म्हणाले, "फरशी फोडली की खालच्यांच्या घरात गळणार. चार दिवसांच्या पाहुण्यासाठी एवढा उपद्व्याप कशाला?" आई आतल्या खोलीत होती. दार उघडंच होतं.

मग मी मेडिकलमधून बसायची खुर्ची आणली. मधे भोक असलेली ही खुर्ची भांड्यावर ठेवायची आणि काम झालं की बाजूला काढायची. ती मी काढायची, मीच धुवायची. दुसऱ्या दिवशी भाजी घेऊन वर आले, तर खुर्ची दाराबाहेर पॅसेजमध्ये, चपलांच्या स्टँडशेजारी ठेवलेली. शेजारची बाई आपलं कुलूप उघडता उघडता तिच्याकडे बघत होती. सासरे आत पेपर वाचत बसले होते. "पायात येत होती," एवढंच बोलले. माझ्या नवऱ्याने खुर्ची बघितली आणि टीव्ही लावला. आईने त्याच दुपारी पिशवी भरली. बसपर्यंत सोडायला गेले तेव्हा ती मला म्हणाली, "त्यांच्याशी भांडू नकोस." मी भांडले नाही. पण विसरलेही नाही.

यंदा सासरे बाथरूममध्ये घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. खाली बसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. वॉकरवर चालायला लागल्यावर ते स्वतःच नवऱ्याला म्हणाले, "तो कमोड बसवून टाक बाबा आता." फरशी, गळती, खालचे लोक, यातलं काही त्यांना आठवलं नाही. नवरा फोनवरूनच ऑर्डर देणार होता. मी म्हटलं, "थांब, मी बघते."

"मी कशाला यायचं दुकानात?" सासऱ्यांनी विचारलं.

"बसणार तुम्ही, बाबा. बसून बघायला नको?"

दुकान मेन रोडला होतं आणि भांडी फुटपाथवर ओळीने मांडलेली. मी त्यांना एकेकावर बसायला लावलं. पँट-शर्ट घालून, वॉकर पुढ्यात घेऊन, रस्त्याकडे तोंड करून ते बसत होते. पलीकडच्या वडापावच्या गाडीवरची माणसं खाता खाता बघत होती. सकाळी बागेत त्यांच्याबरोबर फिरणारे एक गृहस्थ नेमके तिथून चालले होते. थांबून म्हणाले, "अरे, इथे काय करताय?" सासऱ्यांनी मान खाली घातली. मी म्हटलं, "काका, पसंत करतोय. घाई नाही." आणि त्यांना अजून एकावर बसवलं.

सासरे उंच आहेत. दुकानदार जाणता होता. म्हणाला, "यांना हे उंचवालं घ्या. खुब्याला त्रास नको." त्याचं बरोबर होतं, मलाही ते कळत होतं.

"नको," मी म्हटलं. "ते बुटकं द्या."

"अगं, ते म्हणतायत ना उंच घ्या..." सासरे म्हणाले.

"माझी आई ठेंगणी आहे, बाबा. उंचावर तिचे पाय टेकत नाहीत. तुम्ही बघितलंय तिला."

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांना कळलं. रिक्षात बसवताना मी त्यांचा हात धरला, तर तो सोडवून घेऊन त्यांनी वॉकर धरला. मला वाईट वाटलं नाही.

भांडं बसल्यावर मी आईला बोलावून घेतलं. ती येईना, मी हट्टच धरला. ती आली, जाऊन आली, हात पुसत हॉलमध्ये बसली. सासरे घसा साफ करून म्हणाले, "आता झाली ना तुमची सोय, विहीणबाई?"

आई शांतपणे म्हणाली, "माझी सोय मी गावाला कधीच केली. ही तुमची."

मला भांडू नको सांगणारी ती हीच बाई. त्या रात्री आम्ही दोघी स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसलो.

सासऱ्यांना त्या भांड्यावरून उठायला अजून जड जातं. भिंतीला धरायला दांडी मात्र मी लगेच लावून घेतली, पडले तर पुन्हा करायचं मलाच आहे. परवा नवऱ्याने विचारलं, "हे बदलून उंच भांडं आणू का?"

"फरशी फोडावी लागेल," मी म्हटलं आणि कणीक मळत राहिले.